ॲलर्जी रक्तातून येते की रानातून? रेणापूरच्या सोयाबीनपासून पुण्याच्या गाजरगवतापर्यंतची गोष्ट

दसरा जवळ आला की रेणापूर तालुक्यात सोयाबीनच्या राशी सुरू होतात. मळणीयंत्राच्या तोंडातून भुसकट उडतं आणि शिवारभर पिवळसर धूळ तरंगत राहते. समजा, एकाच यंत्रावर दोन सख्खे भाऊ उभे आहेत. एक जण संध्याकाळी अंगावर पाणी घेतो आणि मोकळा होतो. दुसऱ्याचे डोळे लाल होतात, नाक गळायला लागतं आणि रात्री छातीत घरघर सुरू होते.

घरात लगेच निकालही लागतो. आजी म्हणते, "ह्याच्या आज्यालाबी असंच हुतं." कुणी म्हणतं, "आमच्या घराण्यात न्हाई हे, मामाकडून आलंय." शहरात शिकणारा पुतण्या मोबाईलमधून डोकं वर काढून सांगतो, की लहानपणी जास्त जपलं म्हणून असं होतं.

यातलं खरं कोण?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यावर बरंच काही ठरतं. दमा "खानदानी" आहे म्हणून स्थळ मोडतं, किंवा मोडू नये म्हणून आजार लपवला जातो. वडिलांना ॲलर्जी आहे म्हणून बाळाला अंडं, शेंगदाणे द्यायचेच नाहीत असं ठरतं. आणि बहुतेक वेळा "आता रक्तातच आहे, काय करणार" म्हणून उपचारच थांबतात.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते बघू

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. कधी कधी ती परागकण, धूळ, दूध किंवा शेंगदाणा अशा निरुपद्रवी गोष्टीलाच शत्रू समजते आणि हल्ला चढवते. शिंका, पुरळ, सूज, धाप ही त्या हल्ल्याची लक्षणं. 'ॲलर्जी' हा शब्द ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला, म्हणजे शब्दाला सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

ॲलर्जीचे ढोबळ दोन प्रकार इथे लक्षात ठेवू. एक झटपट: आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे काही मिनिटांत शिंका, गांधी, धाप. दुसरा सावकाश: एक-दोन दिवसांनी त्वचेवर खाज आणि पुरळ. हा दुसरा प्रकार समजून घ्यायला महाराष्ट्राइतकं चांगलं उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

जी ॲलर्जी कुणाच्याच आजोबांना नव्हती

गाजरगवत सगळ्यांना माहीत आहे. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांवरून चटकचांदणी. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात, कुठेही उगवतं. ते इतकं आपलं वाटतं, की ते परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. मूळचं ते अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आसपासचं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली.

अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हातून त्याचं बी आलं, असं सर्रास सांगितलं जातं. 'काँग्रेस गवत' हे नावही त्या काळच्या सरकारशी जोडलं जातं. तारखांचा मेळ मात्र नीट बसत नाही, कारण भारताचा पीएल-४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा आहे आणि गवत त्याआधीच पुण्यात दिसलं होतं. कुठल्या ना कुठल्या आयात धान्यातून ते आलं असावं, इतपत म्हणता येतं.

ते काही असो, पुढे जे घडलं ते महत्त्वाचं. गवत पसरलं आणि पुण्याच्या परिसरात लोकांच्या त्वचेवर एक वेगळाच आजार दिसू लागला. चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू, म्हणजे जिथे हवेतली धूळ बसते किंवा घामाने चिकटते तिथे, खाजरं, जाड, काळपट होत जाणारं पुरळ. रुग्ण बहुतेक मोठ्या वयाचे, उन्हात काम करणारे. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या साथीवर शोधनिबंध लिहिला आणि जगभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना पुणं माहीत झालं. या आजाराने खंगून काही रुग्ण दगावल्याच्याही नोंदी आहेत.

कारण होतं पार्थेनिन, म्हणजे गाजरगवताच्या पानाफुलांवरच्या बारीक लवेत असणारं एक रसायन. वाळलेल्या गवताची भुकटी हवेत उडते आणि त्यासोबत तेही.

आता आजीचं म्हणणं इथे लावून बघा. १९५० साली महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला गाजरगवताची ॲलर्जी होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, कारण अंगाला लागायला ते गवतच नव्हतं. पंचवीस वर्षांत माणसांची जनुकं बदलत नाहीत. रान बदललं.

मग सगळ्यांनाच का होत नाही?

गाजरगवत तर सगळ्यांच्याच बांधावर आहे. वर्षानुवर्षं ते हाताने उपटणाऱ्या अनेकांना काहीही होत नाही. म्हणजे रान एकटं जबाबदार नाही.

दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये या रुग्णांची जनुकं तपासली. आपल्या शरीरात इंटरल्यूकिन-१० नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम म्हणजे प्रतिकारशक्तीला "पुरे आता, शांत हो" असं सांगणं. हे प्रथिन कमी तयार करणारी जनुकांची रूपं गाजरगवताच्या रुग्णांमध्ये जास्त आढळली. थोडक्यात, काहींच्या गाडीचा ब्रेक जन्मतःच जरा ढिला असतो.

ॲलर्जी घराण्यात चालते, ही गोष्ट तशी जुनीच. अमेरिकेत कुक आणि व्हँडर वीर या दोन डॉक्टरांनी १९१६ मध्ये ५०४ रुग्णांची माहिती गोळा केली होती. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरात आणखी कुणाला तरी असाच त्रास होता. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आजही बहुतेकांना ठाऊक नसते: बापाला ज्याची ॲलर्जी, मुलाला त्याचीच असेल असं नाही. बापाला परागकणांचा त्रास, तर मुलाला अंड्याचा. वारशात मिळते ती प्रवृत्ती. ती कशावर उठेल, हे वारसा सांगत नाही.

आजचे अंदाज साधारण असे आहेत. आई किंवा वडील यांपैकी एकाला ॲलर्जीचा आजार असेल, तर मुलाला कुठला तरी ॲलर्जीचा त्रास होण्याची शक्यता तीनात एकाच्या आसपास. दोघांनाही असेल तर निम्म्याहून अधिक. आणि दोघांनाही काही नसताना मुलाला होतो, अशीही घरं भरपूर आहेत. "मामाकडून आलं" की "काकाकडून" हा वाद त्यामुळे फार पुढे जात नाही. दोन्हीकडून थोडंथोडं येऊ शकतं.

जुळ्या मुलांचा अभ्यास याहून स्पष्ट बोलतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली जुळी पाहिली गेली. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ६४ टक्के निघालं. वेगळ्या जुळ्यांत ते फक्त ७ टक्क्यांच्या आसपास होतं.

जनुकांचा हात मोठा आहे, यात शंका नाही. पण तोच आकडा उलटा वाचा. जनुकं तीच, घर तेच, आई तीच, तरी तीनातल्या एका जोडीत दुसऱ्या भावाला काही झालं नाही.

एक जनुक तर थेट त्वचेचंच आहे. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेची भिंत घट्ट ठेवतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की या जनुकात बिघाड असेल तर एक्झिमा, म्हणजे सतत खाजणारी कोरडी त्वचा, होण्याची शक्यता खूप वाढते. भिंतीला भेगा पडल्या की बाहेरचं काहीही आत शिरतं, आणि त्वचेतून आत शिरलेल्या गोष्टीला शरीर पाहुणा न समजता चोर समजतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे शेंगदाण्याच्या वेळी लागेल.

तीच माणसं, वेगळी जागा

'घडण' म्हटलं की आपल्या डोक्यात लाड, शिस्त, संस्कार येतात. ॲलर्जीच्या बाबतीत घडण म्हणजे पहिल्या काही वर्षांत नाकात, पोटात आणि त्वचेवर काय काय गेलं ते. ते जागेप्रमाणे बदलतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न जिथे आहे तिथे, शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांची माहिती तपासली गेली. आशियाई आईच्या पोटी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मुलांमध्ये शेंगदाणे-काजू-बदामांची ॲलर्जी तिथल्या इतर मुलांच्या दुपटीहून जास्त होती. आणि आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांमध्ये? नगण्य. वंश तोच, फरक जन्मगावाचा. लातूरहून मेलबर्नला गेलेल्या एखाद्या जोडप्याच्या मुलाला शाळेत शेंगदाण्याचा लाडू न्यायला मनाई होते, तेव्हा गावाकडच्या आजीला ते थोतांड वाटतं. थोतांड नाही ते.

जर्मनीची फाळणी हाही असाच नकळत झालेला प्रयोग होता. भिंत पडल्यावर एरिका फॉन म्युटियस या डॉक्टरांनी पूर्व आणि पश्चिमेकडच्या मुलांची तुलना केली. पूर्वेकडे कोळशाचा धूर, जुनी घरं. तिथे ॲलर्जी जास्त असणार, हा अंदाज होता. निघालं उलटं: परागकणांच्या ॲलर्जीचं प्रमाण स्वच्छ, सधन पश्चिमेत जास्त.

अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची कहाणी तर मराठवाड्यातल्या कुणालाही लगेच समजेल. दोघांचे पूर्वज युरोपातल्या एकाच भागातले, जनुकं मिळतीजुळती. अमिश अजूनही घोड्याने शेती करतात, गोठा घराला लागून, लेकरं दिवसभर जनावरांत. हटराइट लोकांची शेती यंत्रांवर चालते आणि मुलं गोठ्यापासून लांब राहतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमिश शाळकरी मुलांतलं दम्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास दिसलं, हटराइट मुलांत २१ टक्के. अमिश घरातली धूळ उंदरांच्या नाकात सोडली, तर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

म्हणून "लेकराला मातीत लोळू द्या, ॲलर्जी होणार नाही" असे रील्स फिरत असतात. त्यात अर्धं खरं आहे. जनावरं, माती, भावंडं यांतून येणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या सूक्ष्मजंतूंनी प्रतिकारशक्तीला लवकर वळण लागतं, याचे पुरावे आहेत. पण हात न धुणं, घाण पाणी पिणं याने फक्त जुलाब होतात. चुलीचा धूर किंवा घरातली विडी-सिगारेट तर मुलांच्या फुप्फुसांना सरळ नुकसानच करते. आणि गोठ्यात वाढलेल्या प्रत्येकाला दम्यापासून सूट मिळत नाही. सुरुवातीच्या प्रसंगातला दुसरा भाऊही गोठ्यातच वाढलेला असू शकतो.

शेंगदाण्याचं कूट आणि एक उलटलेला सल्ला

मराठवाड्यात कूट नाही अशी भाजी शोधावी लागते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, सगळीकडे दाणे. तरीही शेंगदाण्याने जीवघेणी ॲलर्जी झाल्याचं गावात सहसा ऐकू येत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र विमानात दाण्याचं पाकीट फोडलं तरी काही घरांच्या पोटात गोळा येतो.

तिथल्या डॉक्टरांनी बरीच वर्षं सल्ला दिला होता: ज्या घरात ॲलर्जी आहे, तिथे लहान मुलाला शेंगदाणा देऊच नका. ऐकायला शहाणपणाचा सल्ला. पण मुलांमधली शेंगदाण्याची ॲलर्जी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली.

लंडनचे गिडिअन लॅक यांना एक विसंगती दिसली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट होती. इस्रायलमध्ये बाळांना काही महिन्यांचे असतानाच शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे हलके खाऊ दिले जातात. मग त्यांनी ॲलर्जीचा जास्त धोका असलेली ६४० बाळं घेऊन चाचणी केली. वयाच्या ४ ते ११ महिन्यांदरम्यान ती चाचणीत आली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. पाच वर्षांची झाल्यावर न खाणाऱ्यांपैकी १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत फक्त ३ टक्के. हे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि जगभरातले सल्ले फिरले.

ही सगळी मुलं मुळात धोक्यातली होती. जनुकांनी टाकलेला डाव चमचाभर कुटाने बराचसा परतवला.

लॅक यांचंच २००३ मधलं एक काम याच्याशी जोडून बघावं लागतं. शेंगदाणा तेल असलेली मलमं ज्या बाळांच्या पुरळावर लावली गेली होती, त्यांच्यात ही ॲलर्जी जास्त दिसली. तोंडावाटे गेलेला दाणा ओळखीचा होतो, फुटलेल्या त्वचेतून गेलेला परका ठरतो. आपल्याकडे तेलाने मालिश करायची पद्धत आहे आणि निरोगी त्वचेच्या बाळासाठी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण बाळाला एक्झिमा असेल, त्वचा ओली-फुटलेली असेल, तर घाण्यावरचं शेंगदाणा तेल त्यावर चोळण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि वरचं वाचून कुणी लगेच बाळाच्या तोंडात दाणा घालू नये. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की बारीक कूट पातळ करून, अगदी थोडं. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ.

रक्ताच्या तपासणीचा घोळ

"चाळीस पदार्थांची ॲलर्जी टेस्ट" अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. रिपोर्टमध्ये वांगं, तूरडाळ, गहू, दूध, सगळ्यांपुढे खुणा येतात आणि घरातलं एक माणूस महिनाभर फक्त भातावर राहतं.

शेजारच्या कर्नाटकातला एक मोठा अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. तिथे प्रौढांपैकी २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नपदार्थाविरुद्धची आयजीई सापडली. प्रत्यक्षात अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता होती फक्त १.२ टक्के लोकांना. बाकीचे ते पदार्थ मजेत खात होते. याच प्रकल्पात शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण ०.१४ टक्के निघालं, तर हाँगकाँगमध्ये १.५ टक्के.

म्हणजे रक्तात प्रतिपिंड असणं आणि ॲलर्जी असणं यात मोठं अंतर आहे. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो का, किती वेळात होतो, दरवेळी होतो का, हे आधी. तपासणी त्यानंतर, आणि संशय असलेल्या पदार्थापुरती.

परत राशीकडे

आता ते दोन भाऊ. सोयाबीनच्या धुळीचा धडा स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने फार मोठी किंमत देऊन शिकला. १९८१ ते १९८७ दरम्यान तिथे अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रांग लागायची. दवाखाने भरायचे, काही जण दगावायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. असे २६ दिवस नोंदले गेले. डॉक्टरांनी कॅलेंडर घेऊन बंदरातल्या जहाजांची नोंद तपासली. तपासलेल्या साथीच्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. साठवणुकीच्या उंच कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती, त्यामुळे सालीची बारीक धूळ वाऱ्याबरोबर शहरात शिरायची. दोष सोयाबीनच्या सालीतल्या प्रथिनाचा होता.

गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. बार्सिलोनातल्या कुणाचीही जनुकं बदलावी लागली नाहीत.

लातूर जिल्ह्यात सोयाबीन हे मुख्य पीक होऊन गेल्या काही दशकांचाच काळ लोटलाय. आजोबांच्या घरघरीमागे ज्वारीचं कणसूर, तुरीचं भुसकट किंवा जुनी विडी असेल, नातवाच्या घरघरीमागे सोयाबीन. प्रवृत्ती तीच, निमित्त वेगळं.

ज्याला त्रास होतो त्याने यंत्राच्या वाऱ्याच्या बाजूला उभं राहू नये आणि भुसकट ओढण्याचं काम घेऊ नये. उपरणं नाकाला बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क थांबवतो. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून अंघोळ. आणि छातीत घरघर असेल तर इनहेलर. "पंपाची सवय लागते" ही भीती अजून जाता जात नाही, आणि ती महागात पडते: जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. गावात मिळणाऱ्या "एका इंजेक्शनात आराम"मध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. तात्पुरतं बरं वाटतं, आजार तिथेच राहतो. रेणापूरहून लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. तिथे छातीची तपासणी करून घेता येते.

गाजरगवताचंही काही करता येतं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ते खाणारे मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात शेतकऱ्यांना पुरवत आलं आहे. हा झायगोग्रामा नावाचा भुंगा गाजरगवताची पानं कुरतडून संपवतो. हाताने उपटायचं असेल तर फुलोरा येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून. ज्याला आधीच पापण्यांवर, मानेवर पुरळ येतंय, त्याने मात्र हे काम भावावर सोडावं.